जागच्या जागी

"बस. बस म्हटलं ना... अरे बाबा, बस की आता."

किल्ली कुलपातच राहिली आणि ती दारात थबकली. या शहरात आल्यापासून मराठी तिच्या कानावर पडायचं ते फोनवरून आईचं, नाहीतर तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या ताईचं. आणि आता, ज्या घरात ती वर्षभर एका म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवायला येत होती, त्या घराच्या स्वयंपाकघरात कुणीतरी पुरुष मराठीत विनवण्या करत होता.

ती हळूच आत डोकावली. एक मुलगा फ्रिजसमोर उभा होता. हातात कालथा, खांद्यावर फडकं. फ्रिज आणि तो यांच्यामध्ये कुत्रा आडवा उभा. कुत्र्याचा चेहरा असा, की अर्ज चुकीच्या खिडकीवर आलाय आणि साहेबांची जेवणाची वेळ झालीय.

"बसा," ती दारातूनच म्हणाली.

कुत्रा बसला.

मुलगा वळला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तुम्ही... कुत्र्याला अहो म्हणता?"

"वयाने मोठे आहेत ते. आणि चेहरा बघा की. यांना अरे-तुरे करवतं का?"

त्याने वाकून नीट पाहिलं. पांढऱ्या भुवया, खाली लोंबणाऱ्या मिशा, अंगभर शांत नाराजी.

"नाव काय यांचं?"

"कागदावर काहीतरी लांबलचक आहे. मी भाऊसाहेब म्हणते."

त्याने कालथा बाजूला ठेवला आणि हात जोडले. "माफ करा भाऊसाहेब. ओळखलं नाही."

तिला हसू आलं. मग आपण अनोळखी माणसाच्या विनोदाला इतकं लगेच हसलो याचा राग आला. पट्टा घेऊन ती जवळजवळ पळतच बाहेर पडली, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं की आज आपण भाऊसाहेबांना त्यांचं पांघरूण घालायलाच विसरलो. बाहेर बारीक पाऊस लागला होता. परत येईपर्यंत दोघंही भिजले. तो दारात टॉवेल घेऊनच उभा होता.

"आधी कोणाला पुसू?" त्याने विचारलं.

"ज्येष्ठतेप्रमाणे," ती म्हणाली.

घराचे मालक एक निवृत्त आजोबा होते. एकटेच राहायचे. थंडीच्या दिवसांत ते लेकीकडे गेले होते, आणि जाताना तिला सांगून गेले होते की घरात एक विद्यार्थी राहायला येईल, झाडांना पाणी घालेल, तू मात्र कुत्र्यासाठी नेहमीसारखी येत जा. या श्रीमंत शहरात ही रीतच होती. लोक लांबच्या प्रवासाला गेले की घराला कुलूप लावून जात नसत. एखाद्या विद्यार्थ्याला राहायला ठेवत. घर उबदार राहायचं आणि विद्यार्थ्याला डोक्यावर छप्पर मिळायचं. तो इथे शिकायला आल्यापासून असाच राहत होता. एक घर झालं की दुसरं. त्याची स्वतःची खोली नव्हती, कपाट नव्हतं, पत्ता नव्हता. होती एक बॅग. आणि शिकत काय होता, तर जुन्या इमारतींची दुरुस्ती.

"म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचीच घरं," ती म्हणाली.

"असं कधी डोक्यात आलं नव्हतं," तो म्हणाला, आणि चहाला आलं किसता किसता थांबला. "आता येत राहील. छान."

चहा झाला, पण घरात गाळणीच नव्हती. त्याने फडक्यातून गाळला. दोघांनी चहाची पूड दाताखाली चावत तो प्यायला. पुढच्या वेळी येताना तिने गाळणी विकत आणली आणि ओट्यावरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. का आणली, असं कुणी विचारलं असतं तर तिने चहाचं कारण सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

असं ते सुरू झालं. आधी ती फिरवून आणून लगेच निघायची. मग चहापुरती थांबू लागली. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला तिची पुस्तकं आली आणि दुसऱ्या टोकाला त्याचे आराखडे. ती अन्न टिकवण्याचं शास्त्र शिकत होती. तो विचारायचा, "तुझ्या शास्त्राप्रमाणे हा भात उद्यापर्यंत टिकेल?" ती म्हणायची, "भात टिकेल. खाणारा टिकेल का ते सांगता येत नाही."

अहो-जाहोचा प्रश्न त्यानेच काढला होता.

"भाऊसाहेबांना अहो, मलाही अहो. मग आमच्यात फरक काय?"

"ते बसा म्हटलं की बसतात."

"मी पण बसेन. म्हणून तर बघा."

ती म्हणाली नाही. मान खाली घालून वही उघडली. पण त्या दिवशी जाताना दारातून म्हणाली, "येते. दार नीट लाव... तू." आणि बसमध्ये बसल्यावर आपले कान गरम का झालेत ते तिला कळेना, कारण बाहेर चांगलीच थंडी होती.

तिला बऱ्याच गोष्टी कळेनाशा झाल्या होत्या. तो चांगलं बोलायचा, पण तो सगळ्यांशीच चांगलं बोलायचा. शेजारच्या बाईंशी, पाकिटं टाकायला येणाऱ्या माणसाशी, कुंडीतल्या झाडाशीसुद्धा. आधीच्या घरी मांजर होती असं त्याने एकदा सांगितलं. "तिच्याशीही अशाच गप्पा व्हायच्या," म्हणाला. तिला त्या मांजरीचा हेवा वाटला, मग आपण एका मांजरीचा हेवा करतोय याची लाज वाटली.

आणि एक गोष्ट तिला खटकायची. त्या घरात तो राहायचा, पण राहिल्यासारखं काही दिसायचं नाही. फोडणी द्यायची तर आधी आतलं दार लावायचा, मग सगळ्या खिडक्या उघडायचा. दात घासून झाले की ब्रश परत बॅगेत. कपबशी धुवून ठेवली की कपाचा कान उजवीकडे वळवायचा.

"डावीकडे वळला तर काय होईल?" तिने विचारलं.

त्याने मोबाइल काढून दाखवला. घरात आल्या आल्या, बॅग खाली ठेवायच्याही आधी, त्याने प्रत्येक फळीचा, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढला होता. उशा कशा टेकल्यात, खुर्ची टेबलापासून किती लांब आहे, कपाचा कान कुठे.

"जायच्या दिवशी हे फोटो बघून सगळं जागच्या जागी ठेवायचं. घरी आलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की आपण काल गेलो आणि आज आलो. मधे कुणी नव्हतंच."

"आणि फोटोत नसलेलं काही निघालं तर?"

"ते माझं. ते बॅगेत."

मग तो तिला बैठकीच्या खोलीत घेऊन गेला. खिडकीच्या कठड्यावर एक पुस्तक पालथं पडलं होतं आणि त्यावर बायकी चष्मा. ती वर्षभर या घरात येत होती, पण दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच. ही खोली तिने पाहिली नव्हती.

"आजींचा आहे. आजोबांनी एवढंच बजावलं, याला हात लावू नकोस. त्यांनी शेवटचा जसा काढून ठेवला तसाच आहे. मी धूळसुद्धा कडेकडेने पुसतो."

ती बराच वेळ त्या चष्म्याकडे पाहत राहिली. एक काडी किंचित उघडी होती. जणू कुणी आत फोन घ्यायला गेलंय आणि येऊन पुढचं पान वाचणार आहे. माणूस जातो, पण त्याने ठेवलेली वस्तू उचलायला घरातल्यांचा हात होत नाही. तो शेजारीच उभा होता. त्याच्या बाहीचा तिच्या बाहीला स्पर्श झाला होता, आणि दोघांपैकी कुणीच हललं नाही. मग स्वयंपाकघरात भाऊसाहेबांनी पाण्याचं भांडं उलटं केलं, आणि दोघंही एकदम फडकं शोधायला धावले.

खोलीवर ताई तिची वाटच पाहत होती. ताई म्हणजे सख्खी कोणी नव्हे. इस्पितळात नोकरी करणारी, पलंगाच्या पलीकडच्या बाजूला झोपणारी आणि हक्काने कान उपटणारी.

"आजही भाऊसाहेबांना इतका वेळ फिरवलंस? पाय राहिलेत का बिचाऱ्याचे?"

"अभ्यास करत होते."

"इथे होत नाही अभ्यास?"

तिने खोलीकडे पाहिलं. माळ्यावरची खोली, एका बाजूला उतरतं छत, दोघींच्यात एक टेबल, दोरीवर वाळत घातलेले मोजे. इथे कुणालाच अभ्यास होत नव्हता.

"एक सांगू?" ताई म्हणाली. "तुला ते घर आवडलंय. मोठी खिडकी, ऊब, आल्याचा चहा, एक कुत्रा. त्या घरात जो उभा असेल तो तुला आवडला असता."

"काहीतरीच काय."

"मग आण त्याला इथे. या मोज्यांखाली बसव. इथेही आवडला तर बोलू."

ती रागावली, पण तो शब्द मनात रुतला. खरंच, घर की माणूस? तिला तो आठवायचा तेव्हा खिडकीतल्या उजेडासकट आठवायचा. उजेड काढून घेतला तर काय उरतं, ते तिला माहीत नव्हतं. आईला विचारायची सोय नव्हती. आईने व्हिडिओ कॉलवर एवढंच विचारलं होतं, "तुझ्यामागे ती एवढी मोठी खिडकी कुणाची गं? आणि तो कालथा घेऊन कोण गेला?" तिने तेव्हा रेंजचं कारण सांगून फोन ठेवला होता.

शेवटी एका रविवारी तिने त्याला बोलावलंच. ताई मुद्दाम कामाला निघून गेली.

तो आला आणि पहिल्याच पावलाला त्याचं डोकं छतावर आपटलं. ती "लागलं का" म्हणत पुढे झाली, तो "नाही नाही" म्हणत मागे झाला आणि दोरीवरचे मोजे त्याच्या गळ्यात आले. ती हसली. तो हसला नाही. तो खोलीच्या मधोमध, जिथे छत उंच होतं तिथे, हात अंगाशी घेऊन उभा राहिला.

"बस ना."

"कुठे बसू?"

"कुठेही. पलंगावर, खुर्चीवर..."

तो खुर्चीच्या टोकावर बसला. चहा प्यायला, कप कुठे ठेवू म्हणून विचारलं. भिंतीवर तिने लावलेले घरचे फोटो पाहिले, पण जवळ गेला नाही. विनोद करायला गेला आणि अर्ध्यावर सोडला. आणि चहा संपल्या संपल्या निघाला.

"काम आहे जरा," म्हणाला.

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून त्याची पावलं खाली जाताना ऐकत राहिली. खोली बघून त्याचं मन विटलं, हे उघड होतं. मोठ्या घरांची सवय झालेला माणूस, त्याला हा माळा कसा चालणार? पण मग... तिची स्वतःचीच पंचाईत झाली होती. कारण तो मोज्यांच्या दोरीखाली वेड्यासारखा उभा होता, कपाळावर लाल टेंगूळ घेऊन, तेव्हा त्याच्यामागे खिडकी नव्हती, उजेड नव्हता, काही नव्हतं. आणि तेव्हाच तो तिला सगळ्यात जास्त आवडला होता.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. फक्त ते एकट्या तिचं उत्तर होतं.

त्यानंतर दोघंही जपून बोलू लागले. आणि मग आजोबांचा फोन आला, की ते येत्या आठवड्यात परततायत. त्याला पुढचं घर मिळालंच होतं, नदीच्या पलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"तिथे कुत्रा आहे?" तिने विचारलं.

"मासे आहेत."

माशांना फिरवावं लागत नाही. एवढंच तिच्या मनात आलं. तिला त्या घरी जायला काहीही कारण नव्हतं. इथे मात्र ती येत राहणार होती. हेच दार, हाच ओटा, आणि कपाचा कान उजवीकडे. मधे कुणी नव्हतंच.

त्याच्या जायच्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली. तो मोबाइल हातात धरून घरभर फिरत होता. उशी किंचित तिरकी केली. खुर्ची बोटभर मागे सरकवली. टेबलाच्या तिच्या टोकाला पुस्तकं नव्हती, ती तिने आधीच नेली होती. पण तिची एक पेन्सिल तिथे पडलेली असायची, तीही नव्हती. खुंटीवर तिचा एक हातमोजा लटकत होता, कारण दुसरा हरवला होता. तोही नव्हता.

ती ओट्यापाशी गेली. खिळा रिकामा होता.

"गाळणी कुठे गेली?"

"फोटोत नव्हती," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण गाळणीवरून रडणं बरं दिसत नाही. तिने पट्टा उचलला, भाऊसाहेबांना "चला" म्हणाली आणि बाहेर पडली. चालता चालता तिने त्यांना सगळं सांगितलं. हा माणूस पुसून टाकण्यात किती पटाईत आहे, कसा फोटो बघून माणसंसुद्धा उचलून ठेवतो. भाऊसाहेब एका खांबाचा वास घेत ऐकत होते. मग ते घराच्या दिशेला वळले आणि ती कितीही म्हणाली तरी पुढे येईनात. ज्यांना कधी पट्टा ओढावा लागला नव्हता, ते आज तिलाच ओढत होते.

परत आली तेव्हा तो दाराबाहेर पायरीवर उभा होता. बॅग खांद्याला, किल्ली हातात. बारीक पाऊस होताच.

"तुझी वाट बघत होतो. किल्ली तुझ्याकडे द्यायचीय."

"माझी गाळणी दे."

तो गोंधळला. "आत्ता?"

"माझी आहे ती. टाकून दिली असशील तर तसं सांग."

त्याने बॅग खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि चेन उघडली. सगळ्यात वर त्याचा एक शर्ट होता, घडी घातलेला. त्याने तो उलगडला. आत गाळणी होती. तिच्याबरोबर एक हातमोजा, टोकाशी चावलेली पेन्सिल, केसांचा एक चाप – तो तर हरवल्याचं तिला आठवतही नव्हतं.

"मघाशीच मागितलं असतंस तर दिलं असतं," तो खालीच बघत म्हणाला. "मला वाटलं, नाही मागणार."

"हे का घेतलंस?"

"फोटोत नाही ते माझं. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझाच." मग जरा थांबून, "तुझ्या खोलीवर आलो होतो ना... मी इतकी घरं पाहिली. कुठे काय ठेवायचं मला बरोबर कळतं. तुझ्या खोलीत काहीच कळेना. सगळं तुझं होतं. मोजेसुद्धा. मला वाटलं, मी कुठेतरी हात लावेन आणि काहीतरी हलेल, आणि माझ्याकडे तर फोटोही नाही. म्हणून पळालो. तू काय समजलीस कोण जाणे."

"खोली आवडली नाही असं समजले."

"मी इथे आल्यापासून पाहिलेली ती एकच खरी खोली," तो म्हणाला.

पावसाचे थेंब गाळणीवर पडत होते आणि जाळीतून खाली टपकत होते. तिने एकदा उघड्या दारातून आत पाहिलं. उशा, खुर्ची, कप. लांब खिडकीत तो चष्मा, एक काडी उघडी. सगळं होतं तसं.

"मोबाइल दे तुझा," ती म्हणाली.

"कशाला?"

"दे तर."

त्याने दिला. तिने एक एक फोटो पुढे सरकवला. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, जिना, दार. बराच वेळ लावला, मुद्दामच. मग मोबाइल परत केला.

"नीट बघितलं सगळीकडे," ती म्हणाली. "मी पण कुठल्या फोटोत नाहीये."

तो तिच्याकडे पाहत राहिला. कळलं नव्हतं. मग कळू लागलं – आधी डोळ्यांना, मग ओठांना, मग कानांना, ते लाल झाले.

"म्हणजे नियमाप्रमाणे..."

"मला काय माहीत? नियम तुझा आहे."

"तुझ्या खोलीत गाळणीला खिळा आहे का?"

"आधी तुला कुठे मावायचं ते बघू. छत खाली आहे."

"वाकेन."

"ताई प्रश्न विचारेल."

"तिला अहो म्हणेन."

तो उठायला लागला, पण पाय ओल्या पायरीवर सटकला आणि बॅग कलंडून त्याचं सामान पायरीवर सांडलं. ब्रश, आराखडे, शर्ट. तो घाईघाईने भरायला लागला. काय कुठे होतं ते त्याला आठवेना.

"राहू दे जरा," ती म्हणाली. "बसा."

भाऊसाहेब बसले. आणि त्यांच्या शेजारी, ओल्या पायरीवर, सांडलेल्या सामानात, तोही बसला.